जाळी उघडली की मशीन थांबतं

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातून फोन आला तेव्हा तिला आधी आनंदच झाला. जुनं गिऱ्हाईक परत येतंय, म्हणजे काम आवडलं होतं. ती कंपन्यांसाठी फिल्म बनवून देणारी प्रोड्यूसर. कॅमेरा दुसरा धरायचा, संकलन तिसरा करायचा. पण कोणाला काय बोलायला लावायचं, बोललेल्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, रुसलेल्या साहेबाला कसं हसवायचं, हे सगळं तिच्याकडे. बावीस वर्षं ती हेच करत होती. तिचा आवाज गोड होता आणि तो कुठे किती गोड करायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सात वर्षांपूर्वी तुम्ही आम्हाला सुरक्षेची फिल्म करून दिली होती," फोनवरचे प्रशासन अधिकारी म्हणाले. "नवीन लोकांना पहिल्या दिवशी दाखवतो ती. ती बदलायची आहे."

"नियम बदललेत का?"

"नियम तेच आहेत. त्यातला माणूस राहिला नाही."

नोकरी सोडून गेला असेल, असं तिला वाटलं. मग त्यांनी सांगितलं. चौदा महिन्यांपूर्वी, चार नंबरच्या मशीनवर, रुळांमध्ये हात सापडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तिला तो लगेच आठवला. उंच, शिडशिडीत, केस पाण्याने चापून बसवलेले. खरं तर त्या दिवशी बाहेरून एक नट बोलावला होता, तो आलाच नाही. सगळं शूटिंग खोळंबलं. तेव्हा चार नंबरच्या मशीनवर काम करणाऱ्या ह्या माणसाला तिने कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. त्याने इतकं झकास समजावून सांगितलं की फिल्म आल्यापासून अख्खा कारखाना त्याला 'मास्तर' म्हणायला लागला.

पुढच्या सोमवारी ती जागा पाहायला गेली. सोबत तिचा ध्वनिमुद्रक होता. ह्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. दोन खोल्यांपलीकडच्या नळाचा थेंबही त्याला ऐकू यायचा, आणि एकदा ऐकलेलं तो विसरायचा नाही. बायको सोडून सगळ्यांचं ऐकतो, असं त्याची बायकोच सांगायची.

प्रशिक्षणाच्या खोलीत सहा नवीन मुलं-मुली खुर्च्यांवर बसली होती. दहा वाजता दिवे मालवले आणि पडद्यावर मास्तर आले. "राम राम मंडळी" वगैरे काही नाही, सरळ मुद्द्यालाच हात. "आधी थांबा. मग बघा. मग हात लावा. घाई झाली तर खोकं वाया जातं, ते चालेल. तुम्ही वाया जाऊ नका." मुलं हसली. मग ते मशीनपाशी गेले आणि लोखंडी जाळीवर हात ठेवून म्हणाले, "ही तुमची सखी. जाळी उघडली की मशीन थांबतं."

फिल्म संपल्यावर एका मुलीने विचारलं, "हे सर कोणत्या शिफ्टला असतात?"

अधिकाऱ्यांनी घड्याळात पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले, "बघितलंत ना? दर सोमवारी हे असं. त्यात लोक म्हणतात, चार नंबरपाशी ह्यांचा आवाज येतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण माणसं तिथे उभी राहायला तयार नसतात, त्याचं काय करायचं?" मग त्यांना काहीतरी आठवलं. "बाकी चौकशीत तुमची फिल्म फार उपयोगी पडली हं."

"कशी?"

"मास्तरांच्या घरच्यांचं म्हणणं होतं की जाळीत बिघाड होता. पण जो माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो की जाळी उघडली की मशीन थांबतं, त्याने बिघाड आहे असं कधी कुठे म्हटलं? चौकशीवाल्यांनी फिल्म दोनदा पाहिली. मशीन बटणाने बंद न करता, जाळी न उघडताच बाजूने हात घातला, स्वतःचा निष्काळजीपणा, असं लिहून त्यांनी प्रकरण मिटवलं."

ते कौतुकाने बोलत होते. तिच्या तोंडून सवयीने "थँक यू" निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

मशीनच्या हॉलमध्ये आवाज इतका की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. चार नंबरवर एक टकला, पोक्त माणूस होता. पुठ्ठा अडकला तेव्हा त्याने मशीन बंद केलं, जाळीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, ओठ हलवून काहीतरी म्हटलं, आणि मगच जाळी उघडली. काय म्हणालात, असं तिने विचारल्यावर तो ओशाळला. "काही नाही मॅडम. मास्तर, उघडतोय हं, एवढंच. आपलं उगाच."

जेवणाच्या सुट्टीत मशिनं थांबली. हॉल रिकामा झाला, दारं ओढून घेतली. नुसत्या रिकाम्या जागेचा आवाज एक मिनिट टिपून घ्यायचा, ही कानसेनची जुनी पद्धत. "कोणी हलू नका," तो म्हणाला आणि हेडफोन लावून डोळे मिटून उभा राहिला. पाऊण मिनिट झालं असेल. त्याने डोळे उघडले, हेडफोन उतरवले.

"पलीकडे फिल्म चालू आहे का?"

"आत्ता? नाही," अधिकारी म्हणाले. "ती सकाळीच एकदा."

कानसेन वायर गुंडाळायला लागला. तिने हळूच विचारलं, "काय ऐकलंस?"

"वारा असेल," तो म्हणाला. खिडक्या बंद होत्या.

परत निघताना पॅकिंगच्या खोलीतून जावं लागलं. ही खोली प्रशिक्षणाच्या खोलीला लागूनच, मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. भिंतीलगतच्या टेबलावर एक बाई खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि वाट अडवून उभी राहिली.

"फिल्मवाल्या मॅडम तुम्हीच ना? मी मास्तरांची बायको."

तिला वेळ घालवायचा नव्हता.

"नवीन फिल्म झाली की जुनी कुठे जाते?"

"कपाटात पडून राहते. का?"

"मी हे टेबल मागून घेतलंय. सोमवारी दहा वाजता इथून ऐकू येतं. शब्द नाही कळत सगळे, आवाज कळतो." तिने भिंतीवर तळहात ठेवला. "आमच्याकडे फोटो ढीगभर आहेत हो. आवाज नाही. हे बोलायचे खूप, पण बोलणं कोण जपून ठेवतं? तुम्ही त्या दिवशी तीन तास शूटिंग केलं होतंत. फिल्म आठ मिनिटांची. मधलं उरलेलं असेल ना तुमच्याकडे?"

"शोधते," प्रोड्यूसर म्हणाली. "नक्की शोधते." आणि हे ती मनापासून बोलली.

रविवारी दुपारी तिने आणि कानसेनने स्टुडिओ उघडला. स्टुडिओ म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एकीत खुर्च्या, एकीत पडदा आणि स्पीकर. जुन्या हार्ड डिस्क बुटांच्या खोक्यात भरलेल्या होत्या. कारखान्याची सापडली, जोडली, आणि मास्तर पुन्हा समोर उभे राहिले.

पहिला तास छान गेला. मास्तर चुकत होते, खदखदून हसत होते, "मॅडम, केस बरोबर आहेत ना?" विचारत होते. एका टेकमध्ये त्यांना एकाएकी शिंक आली आणि ते म्हणाले, "हे आमच्या हिला दाखवू नका, वर्षभर चिडवेल." प्रोड्यूसर एकेक तुकडा बाजूला काढून ठेवत होती. बायकोला देण्यासारखं खूप होतं. कानसेन मात्र एकेक टेक मोजत होता.

"पुढचा नववा टेक," तो म्हणाला. "तो नीट ऐक."

पडद्यावर मास्तर जाळीवर हात ठेवून उभे होते. "जाळी उघडली की मशीन थांबतं," ते म्हणाले आणि अडखळले. हसू गेलं. त्यांनी कॅमेऱ्याच्या बाजूला, जिथे ती तेव्हा उभी होती तिथे पाहिलं.

"मॅडम, पण हे खरं नाही. कधी कधी नाही थांबत. आतला खटका अडकतो. मी दोनदा सांगितलंय ऑफिसात. हे मी पोरांना कसं सांगू?"

मागे कोणीतरी पुरुष हसला. मग एक बाईचा आवाज आला. मऊ, समजुतीचा, लाडीगोडीचा.

"ते आपण नंतर बघू हं. आत्ता जसं लिहिलंय तसंच म्हणा. छान बोलताय तुम्ही."

मास्तरांनी मान हलवली. दहावा टेक. ते हसले आणि एका दमात, न चुकता म्हणाले, "ही तुमची सखी. जाळी उघडली की मशीन थांबतं." तिचाच आवाज आनंदाने ओरडला, "कट! हाच घेऊ या!" कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता. अजून काही क्षण चित्र चालू होतं. लोक बाजूला झाले असावेत. मास्तर एकटेच उभे होते, आणि इतका वेळ ज्या लेन्सकडे बघू नका म्हणून त्यांना दटावलं होतं, तिच्यात ते सरळ बघत होते.

चित्र संपलं. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"मला हे आठवतच नाही," ती म्हणाली. "शप्पथ, मला हे काही म्हणजे काही आठवत नाही."

"मला आठवतं. हेडफोन माझ्या कानाला होते."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तू प्रोड्यूसर. मी आवाज धरणारा. तू बघू म्हणालीस, मला वाटलं बघशील." तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. "आणि नंतर मीही नाही विचारलं. तुझ्या एकटीच्या डोक्यावर नाही टाकत मी."

"सोमवारी हॉलमध्ये काय ऐकलंस?"

"हेच," कानसेन म्हणाला. "फिल्ममध्ये नाही ते. मॅडम, पण हे खरं नाही."

त्या दिवसापासून तिला मास्तरांचा आवाज ऐकू आला असता तर तिने तो सोसला असता. तिला ऐकू यायचा तो स्वतःचा. सकाळी आईने म्हटलं, "अगं, माझा गुडघा पुन्हा दुखतोय," आणि ती म्हणून गेली, "ते आपण नंतर बघू हं." फोनवर गिऱ्हाइकाला, दारात पाणीवाल्याला, आरशात केस विंचरताना कोणालाच नाही तरी, तेच वाक्य, त्याच लाडीगोडीने. दिवसातून किती वेळा आपण हे बोलतो ह्याचा तिला पत्ताच नव्हता. आता दरवेळी ती मध्येच थांबायची. शेवटी ती घरात बोलेनाशीच झाली. आईला वाटलं, लेकीचं कोणाशी बिनसलंय.

तिने आधी अधिकाऱ्यांना गाठलं. बावीस वर्षांची सवय. सगळ्यांना राजी करून मगच काही करायचं. त्यांनी तो तुकडा तिच्या लॅपटॉपवर पाहिला. मागे हसणारा पुरुष तेच होते, हे दोघांनाही कळलं.

"हे साहित्य कंपनीच्या मालकीचं आहे," ते म्हणाले. "करारात आहे. डिस्क आमच्याकडे जमा करा."

"चौकशीवाल्यांनी हे बघायला हवं."

"कशाला? गेलेला माणूस परत येणार आहे का? नवीन फिल्ममध्ये आपण जाळीबद्दल अगदी स्पष्ट सांगू. तुम्हीच करा. ह्यापुढची सगळी कामं तुम्हीच करा." त्यांचा आवाजही गोड होता. "बाकीचं नंतर बघू."

तिने लॅपटॉप मिटला आणि उठली.

मास्तरांचं घर एका शिंप्याच्या दुकानावर होतं. खालून शिलाई मशीनचा खडखडाट सतत वर यायचा. बायकोने दार उघडलं. सोळा-सतरा वर्षांची मुलगी जमिनीवर वह्या पसरून बसली होती, तिने त्या गोळा करून जागा केली.

प्रोड्यूसरने लॅपटॉपला डिस्क जोडून आधी हसरे तुकडे लावले. शिंक आली तेव्हा बायकोने तोंडाला पदर लावला आणि हसता हसता डोळे पुसले. "बघ, बघ तुझा बाप! मला सांगितलं, एका झटक्यात बोललो, सगळे बघत राहिले!" मुलगी पडद्याच्या इतकी जवळ सरकली होती की तिचा श्वास काचेवर उमटत होता.

"अजून एक आहे," प्रोड्यूसर म्हणाली. "तो बघणं सोपं नाही. पण तुम्ही बघायला हवा."

नववा टेक संपला. बायको म्हणाली,

"पुन्हा लावा."

तिने लावला.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा संपल्यावर बायकोने विचारलं, "तो बाईचा आवाज तुमचा?"

"हो."

खाली शिलाई मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. आता शिव्या पडतील, अशी प्रोड्यूसरची अपेक्षा होती. कदाचित तिला त्या हव्याही होत्या.

"चौदा महिने मी ह्यांच्यावर रागावलेय," बायको हळूहळू म्हणाली. "सगळ्यांना शिकवता आणि स्वतः असा कसा हात घातलात? एवढी कसली घाई होती? रोज भांडते मी. भांडी घासताना भांडते, झोपताना भांडते. लोकांसमोर रडले, पण मनात शिव्याच दिल्या ह्यांना." तिचा आवाज फाटला. "आणि हे तर सांगत होते. हे सांगत होते हो!"

मुलीने आईच्या पाठीवर हात ठेवला. आई तो झटकून टाकत म्हणाली, "तू पण म्हणालीस, बाबांचंच चुकलं. म्हणाली होतीस ना?" आणि मग तिनेच मुलीला छातीशी ओढलं. दोघी आवाज न करता रडत राहिल्या.

प्रोड्यूसर भिंतीकडे बघत बसली. कामाच्या ठिकाणी असं काही घडलं असतं तर तिने कॅमेरा बंद करायला सांगितलं असतं, पाणी मागवलं असतं, चार शब्द बोलून सगळं सावरलं असतं. इथे तिला तोंड उघडायचीच भीती वाटत होती.

"मी कामगार कार्यालयात जाऊन जबाब देते," शेवटी ती म्हणाली. "माझ्या नावाने. मी काय बोलले तेही सांगते."

बायकोने डोळे पुसले. "द्या. पण ते मला बरं वाटावं म्हणून नको." मग ती म्हणाली, "आता तुम्ही जा. डिस्क ठेवून जा."

जबाब द्यायला दोन दिवस लागले. कामगार कार्यालयातल्या बाईंनी प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. "त्यावर मी त्यांना म्हणाले की ते आपण नंतर बघू. मी ते नंतर बघितलं नाही." बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलं. बरोबर आहे, ती म्हणाली आणि तिने पानापानावर सही केली. कानसेनने तिच्यानंतर सही केली. मग चार नंबरचा तो टकला माणूस आला, त्याच्यापाठोपाठ आणखी दोघं. मास्तरांनी दोनदा केलेली तक्रार दुरुस्तीच्या वहीत सापडली. तिच्यावर एक रेघ मारलेली होती, पण अक्षर वाचता येत होतं.

पुढचं सगळं व्हायला आठ महिने गेले. कागदावरचं 'स्वतःचा निष्काळजीपणा' काढलं गेलं. कारखान्यातल्या सगळ्या मशिनांचे खटके बदलले. अधिकाऱ्यांची दुसरीकडे बदली झाली, ह्यापलीकडे त्यांना काही झालं नाही. नवीन फिल्म कोणा दुसऱ्याने केली, चित्रं काढून. तिच्यात माणूसच नाही. चार नंबरपाशी आता आवाज येत नाही, असं काही जण म्हणतात. टकला मात्र अजून टकटक केल्याशिवाय जाळी उघडत नाही.

प्रोड्यूसरची मोठी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. डिस्क दुसऱ्याच्या हाती देणारी बाई, म्हणून तिचं नाव झालं. कानसेन तिच्याबरोबर राहिला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिचं ते वाक्य तोंडातून गेलं, कानातून गेलं नाही. कोणी बोलता बोलता अडखळलं की ते आतून वर येतं, अगदी मऊ, आणि ती दातांखाली धरून ठेवते.

एका दुपारी फोन वाजला.

"मी मास्तरांची मुलगी बोलतेय. आईला तुमच्याकडून एक काम आहे. तिला फक्त आवाज हवाय, फोनमध्ये. चित्र नको."

"चित्र का नको?"

"चित्रात बाबा कारखान्यात दिसतात. नुसता आवाज असला की घरातच कुठेतरी बोलताहेत असं वाटतं, म्हणते. आतल्या खोलीत वगैरे."

आपल्याकडच्या प्रतीवरून तिने तो आवाज स्वतः वेगळा केला; कानसेनलाही हात लावू दिला नाही. सगळे तुकडे जोडले. शिंक, हसणं, केस बरोबर आहेत ना, आणि नववा टेकही, कारण मुलीने तो मुद्दाम सांगितला होता. तिथे मास्तरांचं बोलणं संपता संपता तिचा स्वतःचा आवाज येत होता. पुसून टाकायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. कर्सर त्या जागी नेऊन ती बराच वेळ बसली. मग तिने मुलीला फोन लावला.

"एके ठिकाणी माझा आवाज येतोय. काढून टाकू का? तुमच्या घरात तो कशाला?"

"थांबा हं, विचारते." पलीकडे शिलाई मशीन खडखडत होतं. दोघींचं काहीतरी बोलणं झालं, ते तिला कळलं नाही. मग मुलगी परत फोनवर आली.

"तोही राहू दे म्हणतेय."